शेक, गोळी आणि थोरली जाऊ

मी कॉम्प्युटरला वशिला लावला होता. इंद्रायणी तांदळाचं एक पोतं आणि भाच्याचा एक फोन, एवढ्यावर तो पाघळेल अशी माझी खात्री होती.

हसा. मीही हसते. तेव्हाची ती शहाणी मला आज भेटली तर तिला समोर बसवून विचारीन, "का गं, डोक्यातही तांदूळच भरलेत का?"

पण तिची बाजू मीच नाही मांडणार तर कोण मांडणार? आम्ही निघोज्याचे. जमिनी कंपन्यांना गेल्या तेव्हापासून कुठलंही काम ओळखीशिवाय झालेलं मी पाहिलं नाही. संतोष, माझा मुलगा, चाकणच्या कंपनीत लागला तो वशिल्यानं. कामगारांना भाड्यानं द्यायला खोल्या बांधल्या, त्यांना मीटर मिळाले ते वशिल्यानं. नातीला शाळेत घेतलं तेही कुणीतरी कुणाला तरी सांगितलं म्हणून. मग हॉस्पिटलातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आजी, तुम्हाला नुसती गोळी द्यायची की गोळीबरोबर शेकही द्यायचा, हे मी ठरवणार नाही. कॉम्प्युटर ठरवणार," तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच, की हा कॉम्प्युटर कुठल्या गावचा आणि त्याच्या ओळखीतलं कोण.

शेक म्हणजे रेडिएशन. आमच्याकडे कुणी त्याला लाईट देणं म्हणतं, कुणी शेक. हे मी लिहितेय ते तुम्ही आज हॉस्पिटलातल्या त्याच बाकड्यावर बसला असाल म्हणून. मी शहाणी आहे म्हणून नाही.

कळलं तो दिवस

दिवाळीपासून खोकला होता. मी त्याचा दोष रस्त्यावरच्या कंटेनरच्या धुळीला दिला, मग भाडेकरणीच्या मिरच्यांच्या फोडणीला दिला. औषधाच्या बाटल्या संपल्या, खोकला संपेना. मग फोटो, मग मोठ्या मशीनमधला फोटो, मग पाठीतून सुई घालून काढलेला तुकडा.

निकालाच्या दिवशी संतोष शिफ्ट बदलून आला होता, अंगात कंपनीचा शर्ट तसाच. सोबत सून वैशाली. मॅडमनी त्याच्याकडे बघून इंग्रजीत सुरुवात केली. मी म्हटलं, "मॅडम, छाती माझी आहे ना? मग मला सांगा."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. एवढ्यावरच मी त्यांच्यावर विश्वास टाकला.

"आजी, फुफ्फुसाचा कॅन्सर आहे. कमरेच्या हाडात पण गेलाय."

"बरा होईल?"

"पूर्ण बरा होईल असं मी सांगणार नाही. दाबून ठेवता येतो. किती काळ, ते आज सांगता येत नाही."

"पण मी कधी विडी ओढली नाही."

"न ओढणाऱ्यांनाही होतो. का, ते दरवेळी सांगता येत नाही."

अशा वेळी लोकांना देव आठवतो म्हणतात. मला माझी थोरली जाऊ आठवली. आम्ही दोघींनी जन्मभर एकाच तव्यावर भाजलेली मिश्री दाताला लावली, एकाच चुलीचा धूर खाल्ला. मग मलाच का? तिला का नाही? खोटं कशाला सांगू, पहिला विचार हाच आला आणि तो चांगला ठसठशीत आला.

परत येताना चाकणच्या चौकात अडकलो. संतोष पुढच्या कंटेनरला असा हॉर्न मारत होता, की जणू तोच माझ्या छातीत आडवा लागलाय. शेवटी मी म्हटलं, "मला भूक लागली." दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं. वैशालीनं खिडकीतून वडापाव घेतले. मी दोन खाल्ले. कॅन्सर झालेल्या माणसाला भूक लागते, ह्याचं मलाच नवल वाटलं.

पोतं

गोळी सुरू झाली. गोळीनं खोकला उतरला, मात्र अंगावर पुरळ उठलं आणि पोट बिघडलं. मग मॅडमनी ती तपासणीची गोष्ट काढली.

"ह्या गोळीनं गाठ आकसते," त्या म्हणाल्या. "पण पुढे कधीतरी ती गोळीला सरावते आणि परत वाढायला लागते. आम्ही हे तपासतोय, की गोळी चालू असतानाच गाठीला शेक दिला तर तिला परत उठायला जास्त वेळ लागतो का."

"लागतो का?"

"माहीत असतं तर तपासलं नसतं, आजी. शेकानं त्रासही होऊ शकतो. म्हणून अर्ध्या लोकांना नुसती गोळी, अर्ध्यांना गोळी आणि शेक. कोण कुठे, ते कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो."

स्नेहल नावाची एक मुलगी ह्या तपासणीचं काम बघायची. तिनं मराठीत लिहिलेले कागद एकेक ओळ वाचून दाखवले. वैशाली प्रश्न विचारत होती. मी मान हलवत होते आणि मनात भाच्याचा फोन नंबर आठवत होते.

मला शेक नको होता. शेक म्हटल्यावर मला एकच शेक माहीत, बाळंतिणीचा. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची आणि वर बाई भाजून निघायची. आता तोच शेक फुफ्फुसाच्या आतून देणार म्हणजे माझं भरीत होणार, असं मी धरून चालले होते. विचारायला तोंड होतं, समोर मॅडम होत्या. विचारलं नाही. त्या शहाणीला वाटलं, विचारण्यापेक्षा फोन बरा.

माझं माहेर थेरगावचं. तिथला माझा भाचा बाळू माजी नगरसेवक. तो म्हणाला, "आत्या, टेन्शन नको घेऊ. वरती फोन टाकतो. नुसती गोळी ना? समज झालं." आणि रिकाम्या हातानं काम सांगू नये म्हणून मी त्याच्या माणसाबरोबर स्नेहलच्या टेबलाशी तांदळाचं पोतं पाठवलं.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. पोतं मॅडमच्या केबिनमध्ये, खुर्चीवर बसवल्यासारखं टेकवून ठेवलेलं. स्नेहलचा चेहरा लालबुंद.

"आजी," ती म्हणाली, "आमचा कॉम्प्युटर भात खात नाही."

मॅडम मात्र हसल्या नाहीत. "प्रत्येकानं आपापला गट ओळखीनं निवडला, तर शेवटी गुण शेकाचा आला की वशिल्याचा, हे मी कशावरून ओळखू? तुमच्यानंतर येणाऱ्या बायकांना काय सांगू?"

मी पोत्याकडे बघत राहिले. मॅडमनी मग सगळं परत समजावलं आणि परत विचारलं, अजूनही भाग घ्यायचाय का. मी हो म्हटलं, ते निम्मं लाजेनं. मग कॉम्प्युटरनं निकाल दिला. गोळी आणि शेक.

बाळूला फोन केला तर म्हणतो, "आत्या, मी बरोबर सांगितलंवतं बरं का! काहीतरी उलटं ऐकलं त्यांनी." हा निवडणूक का हरला, ते मला त्या दिवशी कळलं.

घरी येऊन मी वैशालीला सांगितलं, उद्या फोन करून कळव, मी सोडतेय. तपासणी कधीही सोडता येते, आपला नेहमीचा उपचार चालू राहतो, हे त्या कागदात होतं. तेवढं एक मी नीट ऐकलं होतं.

तोंड बघायला आलेली भावकी

माझ्या जावेचं नाव गजराबाई. मी तिला बाई म्हणते. आमची घरं एकाला एक लागून, अंगणात मधे एक दार. मी नवी नवरी आले तेव्हा तिनं मला सांगितलं, थोरलीच्या आधी धाकटी जेवली तर घरात कलागती होतात. मी वर्षानुवर्षं तिचं ताट होईपर्यंत पोटाला पदर आवळून बसले. पुढे सासूबाईंनीच सांगितलं, असला काही नियम आमच्या घरात नव्हता, गजरानं तो त्याच दिवशी काढला. सांगायचं काय, तर कुणीही काहीही सांगावं आणि मी मान हलवावी, अशी माझी कीर्ती होती.

माझं पसरलंय हे भावकीत कळल्यावर बायका भेटायला यायला लागल्या. बिस्किटांचे पुडे घेऊन यायच्या, खाटेभोवती बसायच्या आणि उसासे टाकायच्या. भेटायला येणं वेगळं आणि तोंड बघायला येणं वेगळं. दुसऱ्यात माणसं चहा लवकर संपवतात.

मी सोडते म्हटल्याच्या दुसऱ्या दिवशी बाई आणि तिची सून आल्या. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. निव्वळ खोडी. मेल्यावर लोक काय बोलतील ते जिवंतपणी ऐकायची संधी कोण सोडतं?

बाई भिंतीपाशी उठून गेली. हळू आवाजात सुनेला म्हणाली, "अक्षयचं लगीन तुळशीनंतर न्हाई धरायचं. वैशाखात उरकू. सुतक पडलं म्हंजी समदंच लांबतंय बघ."

"पण आत्याबाई, धाकट्या आत्याबाईंना तर गोळी लागू पडलीया म्हणत्यात."

"गोळी ऱ्हाऊ दे. आता शेक देणार हायत म्हणं. शेकात कोण टिकतंय? माज्या माहेरची शांती बघितली न्हवं मी? काळीठिक्कर पडून गेली."

मी एक डोळा उघडला. बाई माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटत होती. मुहूर्ताचे बारीक आकडे दिसत नव्हते म्हणून उशाजवळचा माझा चष्मा तिनं नाकावर चढवला होता. माझ्या घरात, माझ्या कॅलेंडरात, माझ्याच चष्म्यानं ती माझं मरण चुकवून नातवाचं लग्न बसवत होती.

मी डोळा मिटला. छातीतली गाठ आणि बाई, दोघींचं तोंड तेव्हा एकच झालं.

त्या गेल्यावर वैशालीला हाक मारली. "फोन केलास का गं हॉस्पिटलात?"

"नाही अजून. आत्ता करते, सोडतोय म्हणून सांगते."

"सांगू नकोस. शेक घेणार आहे मी."

"आई! सकाळी तर भरीत होईल म्हणत होता."

"बाई म्हणते मी शेकात मरते. मग तो घेतलाच पाहिजे."

"असं कुणी ठरवतं का?"

"मी ठरवलं."

मॅडमनी विचारलं, आधी तर शेक नको होता, मग मत का बदललं. मी म्हटलं, "जाऊ." त्यांनी पेन खाली ठेवलं, शेकाचे धोके सगळे पुन्हा एकदा सांगितले आणि ह्या वेळी मी तोंड उघडून एकेक विचारलं. भरीत होत नाही, असं त्यांच्याच तोंडून कळलं. माझं कारण चांगलं होतं असं मी म्हणत नाही. तुम्ही जावेवर सूड घ्यायला उपचार घेऊ नका. पण मला त्या वेळी जगायला तेवढं एकच कारण हाताला लागलं आणि मी ते धरलं.

हाण!

शेकाच्या दिवसांत वैशालीला घेऊन थेरगावला भावाकडे राहिले, हॉस्पिटल तिथून जवळ. निघोज्याहून निघालं की रस्त्यात कुठं दिवस मावळेल त्याचा भरवसा नाही.

छातीवर खुणा केल्या. हात डोक्यावर घेऊन माझ्या अंगाच्या साच्यात मला झोपवायचे. मग सगळे भराभर बाहेर जायचे, तिजोरीसारखं जाड दार लागायचं आणि आतल्या स्पीकरमधून आवाज यायचा, "आजी, घाबरू नका." घाबरायचं नसतं तर तुम्ही का पळालात बाबांनो?

शेगडीची वाट बघत मी डोळे गच्च मिटले. काहीच भाजलं नाही. उलट एसीनं कुडकुडले. संपल्यावर मी त्या मशीनवरच्या पोराला म्हटलं, "झालं? मला वाटलं अजून चूल पेटवताय." दुसऱ्या दिवसापासून त्यानं न सांगता पायांवर चादर टाकायला सुरुवात केली. ती चादर मला अजून आठवते.

मशीन माझ्याभोवती घरघरत फिरायचं. बाकीच्या बायका म्हणे आत नामस्मरण करतात. मी गाठीला बाईचं नाक लावलं होतं, त्यावर माझा चष्मा चढवला होता. मशीन घरघरलं की मनात म्हणायचे, हाण! अजून हाण! डावीकडून हाण! बाहेर आले की मॅडम म्हणायच्या, "आजी, चेहरा ताजा दिसतोय."

पुढे मात्र ताजेपणा उतरला. अन्ननलिका आतून सोलून निघाली. साधं पाणी ठेच्यासारखं झोंबत खाली जायचं. वैशालीनं मऊ भात ताकात कालवून, गाळून, गार करून दिला. मी वाटी भिरकावली. तिनं फरशी पुसली. नंतर न्हाणीघरात नळ सोडल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ बंद होईना. नळाखाली बादली नव्हती. पाणी नुसतंच वाहत होतं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाईच्या नातवाचं लगीन बघितल्याशिवाय मी मरत नाही, तू रडू नको."

ती म्हणाली, "आई, तुम्हाला बाईंचा राग तरी आहे. तुम्ही त्याच्यावर जगताय. मी कशावर जगू?"

भावजयीला म्हटलं, चार दिवस तू चल माझ्याबरोबर, आणि वैशालीला माहेरी पाठवलं. ती दुसऱ्याच दिवशी परत आली. "तिकडे नुसतं तुमचंच विचारत होते सगळे," म्हणाली. पण झोपून आली होती, डोळ्यांवरून कळलं.

माईक

शेक संपला आणि वैशाखातलं लग्न आलं. मी जांभळी जरीची साडी नेसले. ती अंगावर हँगरला लावल्यासारखी लोंबत होती. कार्यालयाच्या दारात बाईनं मला बघितलं आणि ती म्हणाली, "आलीस व्हय?" मी म्हटलं, "आले तर."

आमच्याकडे मंगलाष्टकांच्या आधी पुढारी माईकवरून आशीर्वाद देतात. निवडून आलेले देतात, पडलेलेही देतात. बाळू होताच. त्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं, "कॉम्प्युटरपुढं तुझं काही चाललं नाही. माईकवाल्यापुढं तरी चालव." ते काम मात्र त्यानं चोख केलं. पुकारा झाला, नवरदेवाच्या धाकट्या आजी दोन शब्द बोलतील.

शेकानं आवाज चिरका झाला होता. तेही बरंच झालं, सगळे गप्प बसून ऐकायला लागले.

"मंडळी," मी म्हटलं, "मला कॅन्सर झालाय, हे समद्यांना ठाऊक हाय. हे लगीन खरं तुळशीनंतर व्हायचं. पण आमच्या बाईंना माजी लई काळजी. त्या म्हणल्या, धुरपदा हाय तवर उरकू. माज्याच भिंतीवरच्या कॅलेंडरात त्यांनी मुहूर्त काढला, चष्माबी माजाच घातला. अशी जाऊ समद्या बायांना मिळू दे. पोरांनो, सुखानं ऱ्हावा. बाई, बारशाचं आवतन मला आताच देऊन ठेवा. मी यीन."

भावकीतल्या बायकांचे पदर एकदम तोंडाला गेले. पुरुष आपापले फेटे सारखे करायला लागले. नवरीची आजी, खेडकडची, बाईच्या शेजारीच बसली होती. ती बाईला मोठ्यानं विचारते, "अवो, आमाला तर पुढं मुहूर्तच न्हाई म्हणून सांगितलंवतं?" बाई मांडवाच्या छताकडे बघत होती. त्या छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

मला पंगतीत नुसती बासुंदी गिळता आली. तशी बासुंदी मी आयुष्यात खाल्ली नाही.

"आई, लग्नात असं बोलतात का?" संतोष दात आवळून म्हणाला. वैशाली मात्र कार्यालयाच्या पायरीवर बसून पोट धरून हसत होती. कितीतरी महिन्यांनी तिला असं बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून बाईनं अंगणातलं मधलं दार लावून घेतलं. विरजण, कोथिंबीर, निरोप, पोरींचं येणं-जाणं, सगळं बंद. संतोषला भावकीत टोमणे बसू लागले. मी आधी काही दिवस त्या बंद दारासमोर मुद्दाम खुर्ची टाकून चहा प्यायले. मग लक्षात आलं, जन्मभर दुपारची भांडायला हक्काची एक बाई होती, ती आता नाही. दुपार जाता जाईना.

थोडं कामाचं

शेवटचं सांगायच्या आधी, बाकड्यावर बसलेल्यांसाठी.

हे लिहिताना दुसरी दिवाळी मागे पडलीय. माझी गाठ अजून दबलेली आहे. ती शेकानं, गोळीनं की रागानं, हे मला माहीत नाही. मॅडमनाही नाही. सगळ्यांचं मिळून बघतील तेव्हा कळेल. माझ्या एकटीवरून तुम्ही काही ठरवू नका. मी त्या तपासणीतला एक दाणा आहे.

तपासणीत जायचं तर आपल्या भाषेत विचारा, दहादा विचारा. नको असेल तर नको म्हणा, मॅडम रागवत नाहीत. कुणी झाडपाल्याची पूड आणून दिली तर आधी डॉक्टरांना दाखवा. मला तिघींनी दिल्या, मी तिन्ही स्नेहलच्या टेबलावर नेऊन ठेवल्या, ह्या वेळी पोत्याशिवाय. घरातल्या ज्या बाईला तुमचं सगळं करावं लागतं, तिला अधूनमधून तुमच्यापासून सुट्टी द्या. आणि दम लागायला लागला तर लाजून घरी बसू नका. मी बसले होते.

श्रावणात

आधी जिना चढताना दम लागला. मी म्हटलं, वय. मग केस विंचरताना लागला. मी म्हटलं, केस. कोरडा खोकला परत आला तेव्हा वैशालीनं माझं काही न ऐकता गाडीत घातलं.

शेकानंतर कधी कधी फुफ्फुसाला सूज येते, ती आली होती. मॅडमनी शेकाचे धोके सांगितले तेव्हाच हे बजावलं होतं. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला, सूज उतरायची औषधं सुरू झाली आणि गोळी बंद केली.

"बंद?" मी विचारलं. "मग गाठीला मोकळं रान."

"सध्या श्वास महत्त्वाचा आहे, आजी. सूज उतरली तर बघू."

'तर' म्हणाल्या. 'उतरल्यावर' म्हणाल्या नाहीत. निकालाच्या दिवशी मी वडापाव खाल्ला होता. ह्या दिवशी मला भूक नव्हती. गाठीवर हाण म्हणून ओरडायलाही वारा पुरत नव्हता. कुणावर रागवावं तेही सुचेना, आणि राग नाही म्हटल्यावर मी खरी घाबरले.

दुपारी भेटायच्या वेळेला दारात बाई उभी. एकटी. चाकणपर्यंत रिक्षा, पुढे बस, मग विचारत विचारत चालत. ही बाई कुणी सोबत असल्याशिवाय निघोज्याची वेस ओलांडत नाही.

"एकट्याच?" मी मास्कमधून विचारलं.

"मग काय वरात आणू?"

"तोंड बघाया आला असाल."

"तुजं तोंड काय बघायचं? जन्मभर तेच बघतीया."

"मंग मुहूर्त बघाया. आता कुणाचं लगीन ऱ्हायलंय?"

तिनं पिशवीतून फणी काढली, मला टेकवून बसवलं आणि माझे केस विंचरायला लागली. हात तोच, पहिल्यापासून दांडगा. मी आई गं म्हटलं तरी थांबली नाही. वेणी घालून टोकाला गाठ मारली.

"डाक्तरीण काय म्हणती?"

"गोळी बंद केलीया. सूज उतरली तर परत चालू करतील."

"मग उतरीव."

"ते माज्या हातात हाय का, बाई?"

"माईक हातात आला तवा लई चालत व्हता हात."

मला हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला, खोकला थांबेना. बाईचा चेहरा पांढराफटक पडला. मास्क एका हातानं दाबून धरला आणि तिनं अशी आरोळी ठोकली, की दोन वॉर्डांतल्या सिस्टर धावत आल्या. मी शांत झाले तरी तिनं माझं मनगट सोडलं नाही. बांगड्या रुतत होत्या. मी सांगितलं नाही.

भेटायची वेळ संपली म्हणून वॉर्डातल्या मावशी सगळ्यांना बाहेर काढायला आल्या. बाई उठली, पिशवी काखेला मारली, दोन पावलं गेली आणि पलंगाच्या पायथ्याशी थांबली. माझ्याकडे न बघता, चादरीचं टोक गादीखाली खोचत म्हणाली,

"तुज्या नावानं माजं एकदा रडून झालंय, धुरपे. परत रडाया लावलंस, तर मी यायची न्हाई."